ज्ञानू भिसेची जन्मतारीख

जयवंत कणसेने उकडलेलं अंडं स्टिअरिंगवर आपटून फोडलं, टरफलं मांडीवर सोलली, अख्खं अंडं तोंडात कोंबलं आणि भरल्या तोंडाने मला म्हणाला, "मास्तर, घ्या की वं एक. अजून सात हायती."

ती सात अंडी त्याच्या ट्रॅकसूटच्या दोन खिशांत होती. माद्रिदच्या हॉटेलात सकाळी हवं ते, हवं तेवढं खा अशी सोय होती, आणि जयवंतने ती खिशापर्यंत नेली होती. गाडीत अंड्यांचा वास कोंडला होता. त्यात घरून आणलेली लसणाच्या ठेच्याची बरणी त्याने दोन सीटांच्या मधे उघडी ठेवली होती. बरणीत बोट घालायचं, चाटायचं आणि त्याच हाताने गिअर टाकायचा. गिअरची मूठ तेलाने लालभडक झाली होती.

"जयवंत, गाडी भाड्याची आहे," मी म्हटलं.

"म्हनून तर," तो म्हणाला आणि मोठी ढेकर दिली.

मी काच खाली केली. चौतीस वर्षं मी शाळेत पोरांची नखं तपासली. नाकात बोट घालणाऱ्याला वर्गाबाहेर उभा केला. आणि निवृत्तीनंतर स्पेनच्या रस्त्यावर, दोन्ही बाजूंना मैलोगणती ऑलिव्हची झाडं असताना, मी या माणसाच्या ढेकरा मोजत बसलो होतो. मला त्याची खरोखर किळस येत होती. उगाच सभ्यपणा कशाला दाखवू?

आम्ही तिघे कोरेगाव तालुक्यातल्या एकाच गावचे. जयवंत साखर कारखान्याच्या वजनकाट्यावरून निवृत्त झालेला. मागच्या सीटवर गुडघे हनुवटीपर्यंत घेऊन बसला होता तो ज्ञानू भिसे, आमचा पोस्टमन. तोही मे महिन्यातच निवृत्त झाला होता. आणि मी मुख्याध्यापक, त्यामुळे दोघांचाही 'मास्तर'. मालागाला ज्येष्ठांची जागतिक मैदानी स्पर्धा होती. पस्तिशीच्या पुढचे लोक पाच-पाच वर्षांच्या गटांत खेळतात. आम्ही तिघेही साठ ते चौसष्टच्या गटात, पाच किलोमीटर चालण्याच्या शर्यतीला. यात पळायचं नसतं. एक पाय कायम जमिनीला हवा आणि पुढचा पाय टेकताना गुडघा ताठ हवा. वाकला की पंच ताकीद देतात, तीन ताकिदी झाल्या की बाहेर.

विमानाने थेट मालागाला जाता आलं असतं. पण जयवंतला मुलूख बघायचा होता, आणि गाडी चालवण्याचा परदेशी परवाना काढल्यापासून तो गावभर दाखवत फिरला होता.

"ज्ञानू, तू तर घे अंडं," जयवंतने मागे हात केला.

"नगं. उद्या चालायचं हाय. पोट हलकं बरं."

"उद्या चालायचं हाय म्हनून आज खायाचं, येड्या."

ज्ञानू नुसता हसला. तो बोलायचा कमीच. पस्तीस वर्षं त्याने डोंगरातल्या वाड्यांवर पायी टपाल पोचवलं. सायकल होती, पण त्या वाटांवर सायकलच त्याच्या खांद्यावर बसायची. चालण्याची शर्यत असते हे त्याला मीच सांगितलं. जिल्ह्याच्या स्पर्धेला मीच नेलं. मी दहा वर्षं सराव करत होतो. तो पहिल्याच वर्षी माझ्या पुढे अर्धी फेरी निघून गेला. राज्याला तो पहिला, मी दुसरा. देशातही तो पहिला, मी दुसरा. जयवंत नेहमी तिसऱ्या-चौथ्या फेरीला गुडघा वाकवून बाहेर पडायचा आणि आमच्या नावाने बोंबलायला कडेला उभा राहायचा.

दुपारी एका पेट्रोल पंपावर थांबलो. जयवंत मुतारीत गेला तो पाच मिनिटं बाहेर येईना. मी आत डोकावलो. पँट गुडघ्यापर्यंत गुंडाळून, एक पाय तोंड धुवायच्या बेसिनमध्ये ठेवून, तो तिथल्या साबणाने बोटांच्या बेचक्या घासत होता. मागे दोन ट्रकवाले हात धुवायला खोळंबले होते. एकाने माझ्याकडे बघून भुवया उडवल्या.

"जयवंत, बाहेर ये!"

"पाय जळत्यात वं. गिअरच्या गाडीत दोन्ही पायांना काम." त्याने ट्रकवाल्यांकडे बघून मान डोलावली. "फाइव्ह मिनिट, फाइव्ह मिनिट."

मी शरमेने बाहेर आलो. पंपाच्या मागे मोकळं आवार होतं. तिथे ज्ञानू चालत होता. त्याचे पाय लांब, हात त्याहून लांब, आणि चालताना त्याचं डोकं जरादेखील वरखाली होत नसे. डोक्यावर भरलेला तांब्या ठेवला असता तरी थेंब सांडला नसता. मी तिथे उभा राहून पाहत राहिलो.

शर्यतीत उतरणाऱ्यांची यादी आणि त्यांच्या वेळा आठवड्यापूर्वीच आल्या होत्या. त्यांची घडी माझ्या पाकिटात होती आणि ती मला पाठ झाली होती. एक इटलीचा आणि एक पोलंडचा आमच्या खूप पुढे. तिसरी वेळ ज्ञानूची, चौथी माझी.

गाडीत बसल्यावर जयवंतला चेव आला. पाय गार झाले होते. त्याने विषय काढला शाळेचा.

"मास्तर, तुमी शाळेत पोरं घेताना काय बघायचा? कानच ना?"

"आधी आधी," मी म्हटलं. "जन्माचा दाखला कुणाकडे नसायचा. मग पोराचा हात डोक्यावरून पलीकडच्या कानाला लागला की सहा वर्षांचा धरायचा."

"आन् तारीख?"

"एक जून."

जयवंत खो खो हसला. "आरं, निम्मा महाराष्ट्र एक जूनला जल्मलाय! माजी तेवढी खरी, कारण आमचा आजा जल्माच्या नोंदी ठेवनाऱ्या कुलकर्ण्याकडं चाकरीला हुता. ज्ञानू, तुजी रं?"

"एक जूनच," ज्ञानू मागून म्हणाला. "माजे हात लांब. थोरल्या भावाला शाळेत घालाया आय गेली, तर मी बी तिच्या मागं गेलो. गुरुजी म्हनले, ह्याचाबी कान बघू. लागला. लगीच घेतलं. चार बी पुरी न्हवती मला."

"चार?"

"आय म्हनायची, पानशेत फुटलं त्या आठवड्यात तू झालास. मावशीचं पुण्यातलं घर वाहून गेलं हुतं. आय बाळंतीण, आन् मावशी उरावर पोरं घिऊन दारात. त्यामुळं तिला पक्कं ध्यानात हुतं."

पानशेत कधी फुटलं हे जयवंतला माहीत असायचं कारण नव्हतं, पण त्याने सहा आणि चारचा हिशेब बोटांवर घातला आणि स्टिअरिंगवर थाप मारली. "म्हंजी तू साठीचा न्हवंच, अठ्ठावन्न वर्सांचा! लेका, तुजी दोन वर्सं नोकरी फुकट गेली की! दोन वर्सं पगार बुडला! त्या गुरुजीला गाठाया पायजे."

"मेलं बिचारं कवाच."

दोघे हसले. मीही हसलो असेन. नंतर मालागा येईपर्यंत मी बोललो नाही, आणि मला गाडी लागली असेल म्हणून ज्ञानूने दोनदा लिंबू पुढे केलं.

संध्याकाळी पाचच्या सुमाराला पोचलो. भारताचे सगळे खेळाडू एकाच हॉटेलात होते. जेवणघरात जयवंतने हरयाणाच्या दोघांना गाठून मोडक्या हिंदीत कानाची गोष्ट सांगायला घेतली. उभा राहून, हात डोक्यावरून नेऊन, कान ओढून दाखवत. "हमारा ज्ञानू, चार साल का था, कान लग गया!" ते पोट धरून हसत होते. जयवंतच्या मिशीला दह्याचा थेंब लोंबत होता. ज्ञानू लाजून ताटात बघत होता. मला ते बघवेना. पाय मोकळे करतो म्हणून मी उठलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी नऊ वाजता संघाच्या व्यवस्थापकाने ज्ञानूला बोलावलं. दळवी त्यांचं नाव, पुण्याचे, सज्जन माणूस. ज्ञानू मला म्हणाला, "मास्तर, चला की संगं." मग जयवंतही आलाच.

दळवींनी दार लावलं. ते ज्ञानूकडे बघत नव्हते. "भिसे, एकच विचारतो. पासपोर्टवरची जन्मतारीख खरी आहे ना? हो म्हणा आणि जा, आराम करा. संध्याकाळी शर्यत आहे."

ज्ञानू गोंधळला. तो काही बोलायच्या आत जयवंत पुढे झाला. "खरी म्हंजी? सोळा आने खरी! मी त्याच्या बारशाच्या घुगऱ्या खाल्ल्यात, साहेब!"

"तुम्ही तेव्हा किती वर्षांचे होतात?"

"बारका हुतो. पर घुगऱ्या ध्यानात हायत."

दळवींना हसू आवरेना. त्यांनी पुन्हा ज्ञानूकडे वळून हळू आवाजात विचारलं, "भिसे, तुम्ही सांगा. खरी आहे?"

"साहेब, कागदावर तीच हाय. मी कागदात काय केल्यालं न्हाय."

"ते मला माहीत आहे. नुसतं खरी आहे म्हणा."

जयवंतने त्याला कोपराने ढोसलं. "म्हन की रं!"

ज्ञानू म्हणाला, "तारीख गुरुजींनी लिवली. आय म्हनायची, पानशेत फुटलं तवा झालास. आता आय न्हाय. ती खोटं बोलायची म्हनून मी कसं सांगू?"

दळवींनी चष्मा काढून डोळे चोळले. म्हणाले, "मग मला तुम्हाला उतरवता येणार नाही, भिसे. खालच्या गटाची नावनोंदणी केव्हाच बंद झाली. मला माफ करा." ज्ञानूने खिशातून छातीवर लावायचा कागदी नंबर काढला, त्याच्या चारही पिना नीट जुळवून वर ठेवल्या आणि टेबलावर ठेवून दिला.

खोलीवर आल्यावर जयवंत पलंगावर बसला आणि त्याने स्वतःच्या तोंडात फाडकन मारून घेतली. मग दुसरी. "ह्या तोंडानं घात केला! ह्या तोंडानं! भर जेवनात बोंबलत हुतो मी. कुनीतरी जाऊन लावलं." त्याच्या नाकातून पाणी गळत होतं, ते तो हाताच्या पाठीने पुसत होता आणि हात चादरीला पुसत होता. "ज्ञानू, मला जोड्यानं मार."

"तू काय केलंस?" ज्ञानू म्हणाला. "खरं तेच बोललास."

"मास्तर, तुमी तरी शिव्या घाला मला!"

मी त्याच्याजवळ बसलो. म्हटलं, "जाऊ दे, जयवंत. झालं ते झालं. तुला कुठे माहीत होतं?"

हे मी म्हणालो. याच शब्दांत.

या गोष्टीला सहा वर्षं होऊन गेली. जयवंत मागच्या वर्षी गेला. ज्ञानूची शर्यत आपल्या तोंडामुळे गेली, असं त्याला शेवटपर्यंत वाटत राहिलं. आजारपणात मी भेटायला गेलो तेव्हाही तो तेच काढून रडला, आणि तेव्हाही मी गप्प बसलो. आता ऐकणारा राहिला नाही, म्हणून लिहितो.

जयवंत कान ओढून दाखवत होता तेव्हा मी पाय मोकळे करायला गेलो नव्हतो. मी दळवींच्या खोलीवर गेलो होतो. ते इस्त्री केलेल्या कपड्यांच्या घड्या लावत बसले होते. मला बघून त्यांनी खुर्ची दिली, पाणी दिलं. मी भिसेची सगळी हकिगत सांगितली. आवाज चढवला नाही. शाळा तपासणीच्या वेळी अधिकाऱ्यांशी बोलायचो तसा बोललो.

दळवींनी कपाळाला आठ्या घातल्या. "मास्तर, कागद तर बरोबर आहे. पासपोर्ट बघूनच नाव घेतलंय. आपल्याकडे एक जूनवाले ढिगाने आहेत. कशाला उकरता?"

"तो स्वतःच्या तोंडाने सांगतो, साहेब. उद्या पदक मिळालं आणि एखाद्या परक्याने आक्षेप घेतला, तर नाचक्की कुणाची? देशाची." देश हा शब्द मी वापरला. चौतीस वर्षं पंधरा ऑगस्टला वापरला होता, तो असा कामाला आला.

"तुम्ही त्याचे मित्र ना?"

"म्हणूनच जास्त वाईट वाटतं."

दळवी समोरची खेळाडूंची यादी ओढून त्यावर बोट फिरवत म्हणाले, "तुमची जन्मतारीख काय, मास्तर?"

"एक जून. पण माझी खरी आहे."

मी ते इतक्या सहज म्हणालो की मलाच क्षणभर पटलं. माझा जन्म नागपंचमीचा. आत्या झोका खेळायला माहेरी आली होती आणि तिच्या हातात मी पहिल्यांदा दिला गेलो. हे तिने मला शंभरदा सांगितलं. म्हणजे शाळेतल्या तारखेनंतर दोन वर्षं दोन महिन्यांनी. मीही अजून साठीचा नव्हतो. आणि शिक्षक झाल्यावर माझ्या हाताने मी किती पोरांना एक जून लावला, त्याची तर मोजदादच नाही.

"माझं नाव मधे येऊ देऊ नका," मी उठताना म्हटलं.

"नाही येणार," दळवी म्हणाले आणि पुन्हा कपड्यांच्या घड्या लावू लागले.

संध्याकाळी शर्यतीला जयवंत उतरला नाही. खोलीतच पडून राहिला. मला वाटलं होतं ज्ञानूही येणार नाही. पण तो आला. मैदानाच्या कठड्याला टेकून उभा राहिला, हातात माझी पाण्याची बाटली, आणि पहिल्याच फेरीला ओरडला, "मास्तर, खांदं सैल सोडा! सैल!"

साडेबारा फेऱ्या असतात. प्रत्येक फेरीला तो तिथे होता. "मास्तर, टाच आधी! टाच!" "हात खाली!" "मास्तर, फुडचा दमलाय, बगा त्याची मान हालाया लागली!" पुढचा म्हणजे एक ठेंगणा जर्मन, तिसऱ्या नंबरावर. माझा ऊर फुटायला आला होता. मी थांबलो असतो. शपथेवर सांगतो, त्या आवाजाशिवाय मी आठव्या फेरीलाच ढिला पडलो असतो. पण तो आवाज मला सोडत नव्हता. वळण घेतलं की समोर तो. पाठ केली की मागून तो. शेवटच्या वळणावर तो कठड्याच्या पलीकडून माझ्याबरोबर चालू लागला, माझ्याच वेगाने, सहज, हातात बाटली घेऊन, घाम नाही की धाप नाही. "आता, मास्तर! आता काडा!"

मी जर्मनाला मागे टाकलं. तिसरा आलो.

पंचांनी नाव लिहून घेतलं, कुणी पाठीवर थोपटलं. मी कठड्यापलीकडे गेलो. तेवढ्यात जयवंत धावत आला. तो शेवटच्या दोन फेऱ्यांना येऊन मागे उभा होता म्हणे. त्याने मला मिठी मारली. रडून सुजलेलं तोंड, घामाचा, लसणाचा, कालच्या अंड्यांचा वास. "गावाचं नाव राखलंसा, मास्तर," तो माझ्या कानात हुंदके देत म्हणाला. "मी बुडिवलं, तुमी राखलंसा."

मी त्याला ढकललं, दोन पावलं चाललो आणि भिंतीपाशी भडाभडा ओकलो. अंगावर, बुटांवर, हातांवर. थांबेचना. सकाळपासून पोटात काही नव्हतं, तरी काय काय पडत होतं कुणास ठाऊक.

"जयवंता, पानी आन पळ," ज्ञानू म्हणाला. त्याने एका हाताने माझं कपाळ धरलं. दुसऱ्या हाताने पिशवीची चेन उघडली, आत चाचपलं आणि एक घडी केलेलं निळं बनियन काढलं. पाठीवर भारताचं नाव असलेलं, शर्यतीचं. दळवींनी नंबर ठेवून घेतला होता, बनियन त्याला राहू दिलं होतं. घडीसुद्धा मोडलेली नव्हती. त्याने ते झटकलं आणि माझं तोंड पुसायला लागला.

"अरे, ते नको," मी कसाबसा म्हणालो. "ते नवं आहे, ज्ञानू."

"आसू द्या. आता मला कुटं घालायचं हाय?"

त्याने हनुवटी पुसली, मान पुसली, माझी बोटं एकेक करून पुसली. मी ते बनियन त्याच्या हातातून घ्यायला गेलो, तर त्याने ते बाजूला धरलं.

"तुमी नका हात लावू, मास्तर," तो म्हणाला. "घान हाय."

मी हात मागे घेतला.